अक्षर कुठून कुठे मोजायचं?

डिझाइन शिकवणाऱ्या संस्था वाढल्या तसा एक वाद प्रवेशाच्या हंगामात हमखास रंगू लागला आहे. एका बाजूला स्टुडिओ चालवणारी मंडळी. त्यांचं म्हणणं, सिद्धान्त, संशोधनपद्धती, इतिहास असल्या विषयांत मुलांचा वेळ घालवू नका. पोर्टफोलिओ दाखवा, हात चालतो का ते आम्ही बघतो. दुसऱ्या बाजूला प्राध्यापक मंडळी. त्यांच्या मते संशोधनाचा पाया नसेल तर डिझाइन ही नुसती सजावट. पहिले दुसऱ्यांना पुस्तकी म्हणतात, दुसरे पहिल्यांना कारागीर म्हणतात, आणि ‘कारागीर’ हा शब्द डिझाइनच्या प्राध्यापकाने शिवीसारखा वापरावा हेच मुळात नवल आहे. पण भांडणारे दोघेही एक गोष्ट गृहीत धरून चालतात: सिद्धान्त आधी वाचायचा आणि मग त्याबरहुकूम काम करायचं. एकाला हे हास्यास्पद वाटतं, दुसऱ्याला आदर्श. असं कुठे घडतं का, हे दोघांपैकी कुणीच तपासत नाही.

माझं म्हणणं असं आहे. अमुक कर, असं सिद्धान्त हाताला सांगत नाही. सांगू लागला तर बहुधा तोंडावर आपटतो. काय बघायचं ते तो दाखवतो. शिवाय हाताने जे केलं त्याची कारणं तो अशा रूपात ठेवतो की करणारा समोर नसतानाही दुसऱ्याला त्या कारणांशी भांडता येतं. हे काम कुणीच केलं नाही म्हणून व्यवसाय सिद्धान्तापासून मुक्त होत नाही. तो गुपचूप दुसऱ्याच कुणाच्या तरी सिद्धान्तावर चालू लागतो, बहुतेक वेळा यंत्र बनवणाऱ्याच्या. हे हवेत बोलण्यापेक्षा देवनागरी अक्षरांच्या छपाईवरून बोलू, कारण तिथे दीडशे वर्षांचा पुरावा आपल्याच कपाटांत पडून आहे.

स्टुडिओवाल्यांचा सर्वांत बिनतोड मुद्दा आधी मान्य करतो. देवनागरीतलं सर्वोत्तम काम सिद्धान्ताच्या पुस्तकाशिवायच झालं. गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाप्रेस घालून पंचांग छापलं तेव्हा त्यांच्यापुढे कुठलं पाठ्यपुस्तक होतं? जावजी दादाजी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात पोरवयात कामाला लागले, तिथे बघत बघत शिकले, १८६४ साली त्यांनी स्वतःची टाइपफाउंड्री काढली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी त्यांच्यासाठी कोरलेली अक्षरं आजही निर्णयसागरच्या संस्कृत पोथ्यांत बघावीत. बारीक टाइपात, चार-चार व्यंजनांची जोडाक्षरं, खाली उकार, वर रफार आणि अनुस्वार, आणि तरी पान शांत. जाड-बारीक रेषेचं प्रमाण बोरूच्या तिरक्या कापातून आलेलं, पण धातूला मानवेल इतकं सावरलेलं. इंग्रजीच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, जितके खिळे (धातूची सुटी अक्षरं) लागत त्याच्या कितीतरी पट खिळे हाताळून ही किमया साधायची होती. आरूंनी कुठला शोधनिबंध वाचला होता, असं विचारलं तर उत्तर सरळ आहे: एकही नाही.

मग? मग पुढचं विचारा. ते ज्ञान गेलं कुठे? शिशाचे खिळे गेले, फोटोटाइपसेटिंग आलं, मग डीटीपी आलं, आणि ऐंशी-नव्वदच्या दशकांतली मराठी पुस्तकं उघडून बघा. शिरोरेषेत फटी, मात्रा अक्षरावर बसायच्या ऐवजी शेजारी लोंबलेल्या, ‘ह्म’ आणि ‘द्ध’ शाईने भरून गेलेले, काना एका जाडीचा आणि अक्षर दुसऱ्या. शंभर वर्षं आधी जे सुटलं होतं ते सगळं पुन्हा बिघडलं. नव्या पिढीत प्रतिभा नव्हती, असं कोण म्हणेल? निर्णयसागरच्या कारागिरांना द्ध मधला ध किती खाली आणि किती लहान ठेवायचा ते ठाऊक होतं, पण का, हे कुणी लिहिलं नव्हतं. ते कारण उस्तादाच्या खांद्यावरून बघणाऱ्या शिकाऊ पोराच्या डोळ्यांत होतं. फाउंड्री बंद झाली, पोरगा दुसऱ्या धंद्याला लागला, आणि कारण संपलं. खिळे भंगारात गेले ते वेगळंच.

जे थोडं वाचलं ते कुणामुळे? सरकारी मुद्रण खात्यात आयुष्य घालवलेल्या बापूराव नाईकांनी देवनागरीच्या टाइपांचा इतिहास, कोष्टकं, नमुने असं सगळं गोळा करून १९७१ साली तीन खंड सिद्ध केले. भाषा संचालनालयाने ते छापले. पुण्यात ल. श्री. वाकणकर आणि मुकुंद गोखले यांनी टाइपोग्राफीच्या संशोधनासाठी संस्था उभी केली. कोल्हापूरचे र. कृ. जोशी जाहिरातीच्या धंद्यातून आले, आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये (आयडीसीत) शिकवू लागले, शिलालेख आणि पोथ्या पालथ्या घालत राहिले, आणि त्या अभ्यासातून विंडोजबरोबर घरोघर पोचलेला ‘मंगल’ फाँट निघाला. मंगलला सरकारी चेहऱ्याचा फाँट म्हणून हसणं आज सोपं आहे. पडद्यावर मोजकेच ठिपके मिळणार, त्यात क्ष आणि ज्ञ ओळखू यायला हवेत, या अडचणीत तो बसवला आहे हे हसणाऱ्यांच्या गावी नसतं. या माणसांना कारागीर म्हणायचं की संशोधक? हा प्रश्न त्यांना स्वतःला पडला असेल असं मला वाटत नाही.

हे भांडण आपल्याकडे याआधी एकदा, फार मोठ्या पटावर, होऊन गेलं आहे. विष्णु नारायण भातखंडे वकिली सोडून घराण्यांच्या दारोदार फिरू लागले, चिजा स्वरलिपीत उतरवू लागले, रागांची दहा थाटांत मांडणी करू लागले, तेव्हा उस्तादांनी काय म्हटलं? गाणं गळ्यात असतं, कागदावर नसतं. म्हणणं खरंच होतं. क्रमिक पुस्तकांचे सहा भाग पाठ करून कुणी गवई झाला नाही. दहा थाटांत न बसणारे रागही आहेत, आणि भातखंड्यांच्या काही निर्णयांवर अजून खडाजंगी होते. पण ती खडाजंगी होते कशाच्या जोरावर? त्यांनी लिहून ठेवलं म्हणून. घराण्याच्या बंद दाराआड जे होतं त्याच्याशी सहमत किंवा असहमत होण्याची सोयच नव्हती. एक तर गंडा बांधायचा, नाही तर बाहेर राहायचं. आणि किती बंदिशी त्या दारांच्या आड त्या-त्या उस्तादाबरोबर गेल्या, याचा हिशेब कुणाकडे आहे? आज भातखंड्यांना चूक ठरवणारा गायकही ‘काफी थाट’ असं म्हणूनच बोलायला सुरुवात करतो.

आता ‘आम्हाला थिअरी नको, डोळ्याला बरं दिसतं ते आम्ही करतो’ या दाव्याकडे येऊ. हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो नम्र वाटतो आणि असतो अगदी उलट. पान लावण्याचं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा. दोन ओळींत अंतर किती ठेवायचं हे ते तुम्ही न सांगताच ठरवतं. कशावरून? रोमन अक्षरं पायाच्या रेषेवर उभी असतात. त्यांच्या वर थोडी, खाली थोडी जागा सोडली की भागतं. आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं. त्याच्या वर मात्रा, दोन मात्रा, रफार, अनुस्वार; खाली उकार, ऋकार, उभी जोडाक्षरं. रोमनसाठी ठरलेलं अंतर मराठी मजकुराला लावलं की वरच्या ओळीतला ‘द्रु’ खालच्या ओळीतल्या ‘र्कीं’च्या डोक्यावर पाय ठेवतो. मग ऑपरेटर अंदाजाने अंतर वाढवतो, किंवा पानं वाढतील म्हणून प्रकाशक ते वाढवू देत नाही. मथळा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांतली जागा वाढवणं ही आणखी एक रोमन सवय. इंग्रजीत ती शोभते, मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. हे करणाऱ्याने कुठलाही सिद्धान्त वापरला नाही, असं कसं म्हणायचं? त्याने रोमन अक्षराचा सिद्धान्त संपूर्ण, विनातक्रार वापरला. तो आपण वापरतोय हे त्याला माहीत नव्हतं, एवढंच.

हे केवळ पुस्तकापुरतं राहत नाही. २०२२ साली महाराष्ट्राने दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती केली. पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि मराठी अक्षरांचा आकार इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान असता कामा नये. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत पाट्या लावायला सांगितलं. कायद्याच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पण अक्षराचा आकार म्हणजे काय, हे कुणी सांगेल का? फाँटचा पॉइंट आकार म्हटला, तर तो दिसणाऱ्या अक्षराचा नसतोच. तो जुन्या काळातल्या शिशाच्या ठोकळ्याचा, अक्षर ज्या चौकटीत बसवलं त्या चौकटीचा असतो. देवनागरीला त्याच चौकटीत वरच्या मात्रा आणि खालचे उकारही बसवायचे असतात. त्यामुळे अनेक फाँटांत ७२ पॉइंटचं मराठी अक्षर ७२ पॉइंटच्या इंग्रजी अक्षराशेजारी ठेंगणं दिसतं. म्हणजे दुकानदाराने नियम पाळला आणि तरी मराठी लहानच राहिली. बरं, पॉइंट नको, टेप लावून मोजा म्हटलं, तर कुठून कुठे? ‘कमल’ ही पाटी शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजायची आणि ‘श्रीकृष्ण’ वेलांटीच्या टोकापासून ऋकाराच्या तळापर्यंत? असं मोजलं तर ‘श्रीकृष्ण’वाल्याची सुटका आणि ‘कमल’वाल्याला दंड.

या प्रश्नाचं उत्तर नाही असं नाही. १९६१ सालीच एस. व्ही. भागवत यांनी देवनागरी अक्षराची उभी रचना सात आडव्या रेषांत मांडून दाखवली होती: सर्वांत वर रफाराची, मग मात्रेची, मग शिरोरेषा, अशा उतरत उतरत पायाच्या रेषेपर्यंत आणि तिच्याखाली उकारांच्या रेषेपर्यंत. ही मांडणी हातात असती तर नियम एका वाक्यात लिहिता आला असता. मराठी अक्षराची शिरोरेषा ते पाया ही उंची इंग्रजीच्या मोठ्या लिपीतल्या अक्षराच्या उंचीपेक्षा कमी नसावी; मात्रा, वेलांट्या, उकार त्यात धरू नयेत. साठ वर्षं हे ज्ञान कपाटात होतं. पाट्या रंगवणारे होते, छापणारे होते, कायदा करणारे होते. ‘थिअरी कशाला हवी’ म्हणणाऱ्यांनी एखाद्या निरीक्षकाच्या हातात टेप देऊन हे समजावून दाखवावं.

प्राध्यापकांच्या बाजूने आता टाळ्या वाजल्या असतील, म्हणून लगेच दुसऱ्या अंगाला येतो. सिद्धान्ताच्या नावावर झालेले घोटाळे थोडेथोडके नाहीत. १९५३ साली उत्तर प्रदेश सरकारच्या पुढाकाराने लखनौला लिपिसुधारणेची परिषद भरली. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिण्यात आधी, यामुळे टंकलेखनाला आणि खिळे जुळवायला अडचण होते. तेव्हा ती उजवीकडे आणा, आणि दीर्घ वेलांटीपासून वेगळी कळावी म्हणून तिचा दंड आखूड करा, असं ठरलं. तर्क निर्दोष होता. पण धावत्या हातात दंडाची लांबी कोण सांभाळणार? ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक अर्ध्या रेघेवर सोडून वाचकाने जगायचं? काही वर्षांतच निर्णय मागे घ्यावा लागला. त्याआधी सावरकरांनी अ-ला वेलांट्या आणि उकार लावून ‘अि, अी, अु’ अशी बाराखडी सुचवली होती, किर्लोस्करांच्या मासिकांनी ती वापरलीही. टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता. या सगळ्यांमागची अडचण खरी होती. पण उपाय शोधताना सगळ्यांची नजर यंत्रावर होती. यंत्राला जमत नाही, तर लिपी बदला.

हा पुरावा सिद्धान्ताच्या विरुद्ध जातो का? मला तो उलट दिशेने जाताना दिसतो. वेलांटीचा प्रश्न शेवटी कसा सुटला ते बघा. ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी संगणकाचं प्रमाण तयार झालं तेव्हा एक साधा भेद केला गेला: अक्षर साठवण्याचा क्रम वेगळा आणि दाखवण्याचा क्रम वेगळा. आधी क दाबा, मग वेलांटी. साठवण उच्चाराच्या क्रमाने होईल आणि पडद्यावर वेलांटी आपोआप डावीकडे जाऊन बसेल. इस्की या प्रमाणाने हे केलं, पुढे युनिकोडने तेच उचललं. ज्या अडचणीसाठी एका परिषदेने लिपीवर करवत चालवली होती ती अडचण एका चांगल्या संकल्पनेने लिपीला धक्का न लावता संपवली. वाईट सिद्धान्ताला उत्तर चांगल्या सिद्धान्ताने मिळालं. ‘हात चालू द्या’ म्हणून ते कधीच मिळालं नसतं. अर्थात युनिकोडही सोवळं नाही. ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळायला २००८ उजाडावं लागलं. आणि ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक ठेवण्यासाठी र-खालचा नुक्ता, म्हणजे टिंब, वापरून जी कसरत करावी लागते, ती बघून वाटतं की ठरवणाऱ्यांच्या टेबलावर स्वयंपाक करणारा मराठी माणूस बसला नसावा.

डिझाइनच्या सिद्धान्तातली सर्वांत गाजलेली फजितीही योगायोगाने आपल्या शेजारचीच आहे. क्रिस्तोफर अलेक्झांडर हा तरुण वास्तुतज्ज्ञ गुजरातमधल्या बावरा नावाच्या खेड्यात राहिला, आणि १९६४ साली छापलेल्या पुस्तकात त्याने त्या गावाच्या पुनर्रचनेसाठी १४१ गरजांची यादी केली. गुरं, विहिरी, जात, शेत, सण, सगळं त्यात. मग कोणती गरज कोणत्या गरजेशी गुंतली आहे हे गणिताने सोडवून त्यातून गावाचा आराखडा काढला. डिझाइन आता शास्त्र होणार, अशी हवा त्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत होती. आणि १९७१ साली त्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिताना अलेक्झांडरने स्वतःच ही कल्पना झिडकारली. डिझाइन करण्यापासून तोडून डिझाइनच्या पद्धतींचा वेगळा अभ्यास करणं निरर्थक आहे, असं त्याने बजावलं. स्टुडिओवाले ही गोष्ट सांगून जिंकल्यासारखं हसतात. हसू देत. पण अलेक्झांडर चुकला हे आपल्याला कळलं कशावरून? त्याने १४१ गरजा एकामागोमाग एक लिहिल्या होत्या म्हणून. कुठली गरज सुटली, कुठला सांधा ओढूनताणून जुळवला, हे बोट ठेवून दाखवता येतं. त्याच वर्षांत नुसत्या अंतःप्रेरणेने आखलेल्या किती वसाहती फसल्या असतील? त्यांच्या आराखड्यामागचं कारण कुणीच लिहिलं नाही, त्यामुळे त्या का फसल्या हे पुढच्या आखणाऱ्याला सांगणारंही कुणी नाही.

एका मुद्द्यावर मात्र माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि तो स्टुडिओवाल्यांच्या नाही, सामान्य वापरणाऱ्याच्या बाजूचा आहे. १९८६ साली सरकारने इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आणला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, महाप्राण शिफ्टवर, आणि एक लिपी शिकलात की सगळ्या भारतीय लिप्या तिथेच. तर्काच्या दृष्टीने इतकी देखणी मांडणी क्वचित बघायला मिळते. आयडीसीत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णमालेच्या क्रमावर बेतलेला ‘कीलेख’ हा कीबोर्ड केला, आणि २०१३ साली मोबाइलसाठी स्वरचक्र: व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडी फुलते. लिपीची रचना समजून घेऊन केलेलं काम याहून चांगलं काय असणार? आणि महाराष्ट्र काय करतो? कचेऱ्यांतला लिपिक टंकलेखनाच्या परीक्षेला शिकलेली रेमिंग्टन टाइपरायटरची मांडणी सोडत नाही, आणि बाकी सगळे ‘एम-आय’ टाइप करून ‘मी’ मिळवतात. किंवा फोनशी बोलतात. संशोधन बरोबर, जनता दुसरीकडे.

थोडं उत्तर असं देता येईल. ‘लिपीला कोणती मांडणी शोभते’ हा एक प्रश्न, आणि ‘या माणसाच्या बोटांना आधीच काय येतं’ हा दुसरा. संशोधनाने पहिला मनापासून सोडवला आणि दुसरा बाजाराने सोडवला. दुसराही संशोधनाचाच विषय होता. शिवाय रोमनमध्ये ठोकलेल्या ‘क्षत्रिय’मधून देवनागरी अक्षर जुळवणाऱ्या त्या अदृश्य यंत्राला व्यंजन, हलन्त, स्वरचिन्ह यांचं तेच व्याकरण लागतं, जे या संशोधकांनी समोर मांडलं होतं. सिद्धान्त हरला नाही, पडद्यामागे गेला, असं म्हणता येईल. पण हे म्हणताना माझाच आवाज थोडा वकिली होतो, हे मला ऐकू येतं. सवयीपुढे सुसंगती हरते, आणि ती कधी हरेल हे आधी सांगणारी पक्की थिअरी अजून तरी कुणाकडे दिसत नाही.

संशोधनाची आणखी एक जात आहे, जिच्याबद्दल जास्त बोलण्यात अर्थ नाही. लोगो ठरलेला असतो, रंग ठरलेला असतो, साहेबांना आवडलेलं असतं. मग पाच-सात जणांच्या मुलाखती घेऊन ‘वापरकर्त्यांच्या अभ्यासातून असं आढळलं’ अशी स्लाइड लावली जाते. हे संशोधन नव्हे, पावती आहे. ओळखायची खूणही सोपी: या अभ्यासाने कुठलं चित्र रद्द करायला लावलं, असं विचारा. एकही नसेल, तर अभ्यास झालाच नाही.

आणि प्राध्यापकांवरचा माझा खरा राग इथे नाहीच. तो भाषेवर आहे. नाईकांचे तीन खंड इंग्रजीत आहेत. देवनागरीच्या रचनेवर आयडीसीत चांगली डॉक्टरेटची कामं झाली, गिरीश दळवींसारखी माणसं संशोधनही करतात आणि ‘मुक्ता’सारखा कुणालाही फुकट वापरता येणारा फाँटही देतात, म्हणजे दोन बाजू एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. पण निबंध इंग्रजीतच लिहावे लागतात, कारण बढतीच्या हिशेबात तेच धरले जातात. शिरोरेषेच्या वर किती जागा सोडावी हे ज्याला रोज शंभर वेळा ठरवावं लागतं तो पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या एखाद्या माडीवर बसलेला डीटीपी ऑपरेटर असतो. लग्नपत्रिका, कथासंग्रह, जिल्हा बँकेचा अहवाल, सगळं त्याच्या हातून जातं. त्याला ठाऊक असतं की स्वस्त कागदावर कुठल्या फाँटचा अनुस्वार शाईत बुडतो, जुन्या फाँटातून युनिकोडमध्ये नेताना कुठली जोडाक्षरं फुटतात, म्हाताऱ्या वाचकांची पत्रं कुठल्या टाइपाबद्दल येतात. हे कुठल्याच निबंधात नाही, आणि निबंधातलं काही त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही.

सुरुवात बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकापासून करता येईल. जोडाक्षरं उभी की आडवी, या एका प्रश्नावर पालक, शिक्षक आणि भाषाप्रेमी कडाकडा भांडतात, आणि भांडणात मोजमाप कुणीच आणत नाही. तेव्हा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चार ओळी मराठीत छापाव्यात: फाँट कोणता, आकार किती, दोन ओळींत अंतर किती, द्ध असा का लिहिला, आणि किती मुलांना वाचायला देऊन बघितलं. रत्नागिरीतली किंवा गडचिरोलीतली एखादी शिक्षिका पत्र लिहील की माझ्या वर्गात हे चालत नाही, आणि का चालत नाही तेही लिहील. ते पत्र पुढच्या आवृत्तीत त्याच पानावर, त्या चार ओळींच्या खाली छापावं.